बाही सोडायची नाही

१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

प्रिय बंडू,

कसा आहेस? पित्त अजून उसळतं का? उपाशीपोटी दोन-दोन चहा ढोसायची सवय सोडली असशील तर ते आपोआप बसलं असेल. अनसूयावहिनींची अर्धशिशी कशी आहे? त्या कपाळाला सुंठ उगाळून लावायच्या. अजून कुठे सुंठेचा वास आला की मला तुमचं स्वयंपाकघर आठवतं. आईंचा दमा? (आई आता नसतीलच. असत्या तर शंभरीच्या पुढे. तरी विचारल्याशिवाय पुढे जाववत नाही.) आल्हादचे टॉन्सिल काढले का शेवटी? आणि सुखदा भिंतीचा चुना खरवडून खायची, ती सुटली का? इकडे मी ठीक आहे.

इथवर लिहिलं आणि पेन अडलं. आल्हाद आता बेचाळीसचा असेल, त्याच्या पोराचे टॉन्सिल विचारायला हवेत. पत्राचा कागद घरात नाही, म्हणून औषधाच्या दुकानातून मिळालेल्या डायरीत कच्चं लिहून पाहिलं. वर्ष संपत आलं आणि डायरी कोरीच आहे. आता उघडलीच आहे तर रोजचंही लिहीत जाईन. सांगायला माणूस नसला की वही बरी.

झालं असं की आज बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो. मशीनवर अंगठा उमटेना. चाळीस वर्षं लोखंड घासलं, रेषा राहतील कशा? बाई म्हणे, "बाबूजी, हाथ पोंछिए." तीनदा पुसला. मागून आवाज आला, "अहो मॅडम, ये जिंदा हैं, मैं गवाही देता हूँ!" पाहिलं तर शरच्चंद्र. कारखान्यात आमच्याच मशीन शॉपमध्ये होता. त्यानं खिशातून चिठ्ठी काढून बंडूचा पत्ता दिला. नागपूर, खामला. सदतीस वर्षांनी.

"बंडूचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही अजून, अंबरीशभाऊ. शर्ट घालायला वहिनी लागतात."

मी म्हटलं, "पडताना अंग सैल सोड, हात टेकवू नको, हे त्याला शंभरदा सांगितलं होतं मी."

शरच्चंद्र चष्मा पुसत राहिला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

जबलपूरच्या नेपियर टाउनातल्या माझ्या या दोन खोल्यांत वर्षात चार माणसं येतात, त्यात गॅसवाला दोनदा. आज मेघना आली. पलीकडच्या गल्लीत गणिताचे क्लास घेते. तिची मुलगी चिन्मयी वीस वर्षांची. पंधराव्या वर्षापासून नजर जात गेली, आता फक्त उजेड-अंधार कळतो. ती जूडो खेळते म्हणे. अकरा जानेवारीला भोपाळला राज्याच्या संघाची निवड आहे. सरावाची जोडीदारीण लग्न होऊन गेली, आणि क्लबमध्ये एरवी कोणाला वेळ नाही.

"काका, गणपतीत तुम्ही सांगत होता ना, तुम्ही जूडो करायचे म्हणून? तिला समोर फक्त उभं राहायला कोणी पाहिजे."

मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. विश्वकर्मा पूजा, १९८८. कारखान्याच्या मैदानावर स्टेज, साहेब लोक पहिल्या रांगेत, आणि मी मधोमध. दोन्ही हात वर, तोंड उघडं. फ्रेमच्या कडेला बंडूचा पाय आलाय.

"मी टाकणारा होतो," म्हटलं. "उभं राहणारा आणि पडणारा बंडू."

"मग आता उभं राहून पाहा," ती म्हणाली. मास्तरीणच ती.

१९ नोव्हेंबर, बुधवार

त्यांच्या गच्चीवर गेलो. पोरगी हातभर लांब येऊन उभी राहिली, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "पकडिए, आजोबा."

मला समजेना. आमच्यात तर दोघं लांब उभे राहत, मांजरांसारखे फिरत, मग झडप. ती म्हणाली, दृष्टी नसलेल्यांचा खेळ पकडीपासूनच सुरू होतो. आधी दोघांनी एकमेकांना धरायचं. एक हात कॉलरजवळ, एक बाहीवर. मगच पंच 'हाजिमे', म्हणजे 'सुरू' म्हणतो. पकड पार सुटली तर खेळ थांबवतात, दोघांना हाताला धरून मध्ये आणतात आणि पुन्हा धरायला लावतात.

धरलं. तिनं माझी बाही धरली. मी तिची धरून दोनदा सोडली. ती म्हणे, "डर लग रहा है?" मी म्हटलं, "म्हातारपण आहे बाई."

घरी येताना आठवत होतो, न्हाव्याखेरीज मला शेवटचा हात कोणी लावला. आठवलं नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आठवडा झाला. रोज सकाळी साडेसहाला गच्ची. मी पोत्यासारखा उभा, ती माझ्यात शिरते. बाही ओढून मला चवड्यांवर आणते, गर्रकन वळते, कोपर माझ्या काखेत, पाठ माझ्या छातीला, गुडघे वाकवून माझ्या कमरेखाली. आणि थांबते. टाकत नाही. पुन्हा मागे, पुन्हा शिरते. पन्नासदा.

ती त्याला 'सिओई नागे' म्हणते. मी म्हटलं, आम्ही 'पोतं' म्हणायचो. हमाल पोतं पाठीवर घेतो, तसं. ती इतकी हसली की पकड सुटली. आता तीही म्हणते, "चलो आजोबा, पोतं!"

तिला सांगितलं, आम्हाला गुरू नव्हता. सदर बाजारात रद्दीवाल्याकडे एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, शेवटची पानं फाटलेलं. पोत्याची पाच चित्रं होती. पाचव्यात माणूस हवेत. सहावं पानाबरोबर गेलं. आपला हात जगन्नाथ म्हणून कारखान्यामागे भुशावर ताडपत्री टाकून शिकलो. वर्षभरात जबलपुरात माझ्यासारखं पोतं कोणी टाकत नव्हतं. (दुसरं कोणी टाकतच नव्हतं, ते सोडा.)

एक गोष्ट नवीन कळली. उभं राहणाऱ्यालाही फार काम असतं. अंग ताठ ठेवलं तर तिला शिरता येत नाही, फार सैल सोडलं तर तिला खोटंच वाटतं. बरोबर मधलं राहावं लागतं, आणि तेही दुसऱ्याच्या वेळेवर. बंडू हे पाच वर्षं करत होता. मला वाटे तो नुसता उभा आहे.

३ डिसेंबर, बुधवार

कंबर धरली. शेकलं. पत्र घेऊन बसलो. कागद आणलाय आता, रेघांचा. वहिनींच्या अर्धशिशीपर्यंत छान जातं. पुढे काय लिहावं? "खूप दिवसांत भेट नाही." ते त्यालाही माहीत आहे.

मी काहून अडून राहिलो, कळत नाही. भांडण तर काही झालंच नव्हतं.

९ डिसेंबर, मंगळवार

आज क्लबला गेलो. तिचे कोच सुशांत सर, चाळिशीचे, खांदे दारासारखे रुंद. मला पाहून म्हणाले, "दादाजी, आप सिर्फ खड़े रहिए, गिरना-विरना हमारे लड़के कर लेंगे." मला राग आला. म्हटलं, "पडायला शिकवा मला." आडवे-तिडवे प्रश्न, बीपी किती, हाडं कशी, डॉक्टरची चिठ्ठी आहे का. चिठ्ठी मी नेलीच होती. शिकवायला मात्र चिन्मयीच बसली. आधी बसून मागे लोळायचं, हात चटकन मॅटवर मारायचा, हनुवटी छातीला. अडुसष्टाव्या वर्षी मी भोपळ्यासारखा गडगडतोय आणि दहा-बारा वर्षांची पोरं टाळ्या पिटून राहिलीत. पडलो तरी नाक वर ठेवलं.

मग फूटभर जाड गादीवर तिनं मला खरंच टाकलं. सरांनी एकदाच म्हणून परवानगी दिली.

लिहावं कसं ते? बाही ओढली गेली, पाय सुटले, छत फिरलं. वाटलं आता आपटतो. पण आपटलो नाही. माझ्या बाहीला तिचा हात होताच. शेवटपर्यंत. त्या हाताला मी लटकलो होतो म्हणा ना, आणि तिनं वर ओढून धरल्यामुळे खांदा वर राहिला, पाठ सपाट लागली. बिलकूल दुखलं नाही.

"आस्तीन नहीं छोड़ते ना," ती माझी बाही हलवत म्हणाली. "सामनेवाला अपने भरोसे गिरता है."

इतकं अलगद मला आईनंतर कोणी खाली ठेवलं नसेल. नवीन गाद्या फार चांगल्या असतात. आमच्या वेळी अशा असत्या तर.

१६ डिसेंबर, मंगळवार

सराव झाल्यावर गच्चीवर उन्हात चहा. चिन्मयीनं विचारलं, "बंडू आजोबा कुठं असतात?" मराठी तिला कळतं सगळं, बोलताना लाजते. मी सांगितलं. सगळ्यांना सांगतो तेच.

आमचं कारखान्यात नाव झालं होतं. विश्वकर्मा पूजेला साहेबांपुढे करून दाखवायचं ठरलं. स्टेज फळ्यांचं, वर नुसती सतरंजी. बंडू म्हणाला, "अंब्या, इथं नको रे, भुसा नाही." मी म्हटलं, एवढे लोक जमलेत, चल. टाकला. सुंदर बसलं पोतं, असं पुन्हा कधी बसलं नाही. पण पडताना बंडूचा हात चुकला. खांदा गेला. लेथवरचा कारागीर माणूस, स्टोअरमध्ये बसवला. दोन वर्षांनी नागपूरला बदली मागून गेला.

"तुम्ही भेटायला गेले?"

"गेलो ना. दवाखान्यात. विचारलं, अरे, हात असा कसा ठेवलास? तो भिंतीकडे तोंड करून होता. वहिनींनी चहा दिला. नंतर... ते लोक जरा तुटकच वागायला लागले. रोज रात्री जेवायला मी त्यांच्याकडेच असायचो गं. पोरं माझ्या अंगावर झोपायची."

ती कप चाचपत बसली. मग म्हणाली, "आजोबा, आस्तीन पकड़ी थी?"

"हो," म्हटलं.

१७ डिसेंबर, बुधवार

हो म्हटलं.

२० डिसेंबर, शनिवार

तीन दिवस गेलो नाही. मेघनाला निरोप दिला, सर्दी आहे. सर्दी नाही. दाराशी दोनदा पावलं वाजली, ती शेजारच्या दवाखान्यात आलेल्यांची.

२४ डिसेंबर, बुधवार

चिन्मयी स्वतःच आली. काठी टेकत, गल्ली मोजत. सोबत स्टीलच्या डब्यात आईनं दिलेला आवळ्याचा मुरंबा.

"सर्दीला चांगला असतो," म्हणाली. मग नाकानं हवा ओढली. "पण तुम्हाला सर्दी तर नाही आहे. आवाज ठीक आहे."

खोलीत पहिल्यांदाच आली होती. खुर्ची शोधताना हात भिंतीला लागला आणि फोटोच्या फ्रेमवर थांबला.

"ये वही फोटो है? मम्मी सांगत होती. क्या-क्या है इसमें, बताइए."

कोणी कधी असं विचारलं नव्हतं. डोळे असलेला माणूस पाहतो आणि 'वा' म्हणतो. तिला मात्र एकेक सांगावं लागलं. सांगितलं: झेंडूच्या माळा आहेत. साहेब लोक उभे राहून टाळ्या वाजवून राहिलेत. एका बाईंच्या मांडीवर पर्स आहे. मी पांढऱ्या पायजम्यात, वर आईनं शिवलेलं जॅकेट.

"और आप क्या कर रहे हैं?"

"मी हात वर केलेत."

"बंडू आजोबा?"

"खाली. त्याचा पाय दिसतो. अजून पुरता टेकला नाही, हवेतच आहे."

तिनं फ्रेमच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळूच, "तुमचे दोनों हाथ वर आहेत?"

"दोन्ही."

तिनं डबा टेबलावर ठेवला, चाचपून झाकण घट्ट केलं, म्हणाली, "उद्या साडेसहा," आणि गेली.

मी फोटोसमोर उभा राहिलो. सदतीस वर्षं रोज पाहिलाय, दाढी करताना पाहिलाय. बंडूचा पाय हवेत आहे आणि माझे दोन्ही हात टाळ्यांसाठी वर आहेत.

२५ डिसेंबर, गुरुवार

साडेसहाला गेलो. ती पन्नास वेळा शिरली.

पुस्तकाचं शेवटचं पान फाटलं होतं, हे खरं आहे. पण बंडूनं सांगितलं होतं. भुशावर दर वेळी, मी वळायच्या आत, माझ्या कानाशी: "अंब्या, बाही सोडू नको बरं." चित्र नसताना त्यानं पडता पडता शोधून काढलं होतं. आणि मी भुशावर कधी सोडली नव्हती.

नाचता येईना आणि अंगण वाकडं. अंगण तर अंगण, मी माणूस वाकडा म्हटला. तोही त्याच्याच खाटेशी उभा राहून.

११ जानेवारी २०२६, रविवार

भोपाळ. (डायरी वर्षाबरोबर संपली, ही मेघनाच्या क्लासची वही.) मेघना, चिन्मयी, मी, पहाटेच्या गाडीनं. खेळ सुरू झाला तेव्हा पंच तिला कोपराला धरून मध्ये घेऊन आला.

पहिल्या लढतीत ग्वाल्हेरची दणकट पोरगी. दोनदा पकड सुटली. पंच दोन्ही वेळा 'मत्ते' म्हणाला, खेळ थांबला, दोघींना मध्ये आणलं, हात हातात दिले, पुन्हा सुरू. मी ते पाहत राहिलो. किती साधी गोष्ट आहे. आम्हाला कोणी मध्ये आणलं नाही, आणि मी आपला स्टेजवरच हात वर करून उभा.

तिसऱ्या पकडीला तिनं पोतं घातलं. असं बसलं की हॉल उठला. पंचाचा हात सरळ वर, इप्पॉन, म्हणजे पूर्ण गुण, लढत जिंकली. टाळ्या. मेघना रडतेय. आणि चिन्मयी? तिनं दुसरीची बाही धरून ठेवली होती. टाळ्या चालू असताना खाली बसून विचारत होती, "लगी तो नहीं?"

पुढची लढत हरली. दोघींची निवड होती, ही तिसरी. राखीव. गाडीत खिडकीकडे तोंड करून होती. इटारसीच्या अलीकडे म्हणाली, "अगले साल. आजोबा, तुम्ही पडायला येणार ना?"

म्हटलं, "येणार."

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. हे रेघांच्या कागदावर उतरवून लगेच पेटीत टाकायचं. टाकलं नाही तर माझं नाव अंबरीश नाही.

प्रिय बंडू,

खांदा कसा आहे?

मागे एकदा हेच पत्र लिहायला घेतलं होतं. तुझं पित्त विचारलं, वहिनींची अर्धशिशी, आईंचा दमा, आल्हादचे टॉन्सिल, सुखदाचा चुना, सगळं विचारलं. हे एक विचारलं नाही. सदतीस वर्षं विचारलं नाही. म्हणून आज तेच आधी.

तुझा हात चुकला नव्हता. मी बाही सोडली होती. टाळ्या ऐकून सोडली, तू हवेत असतानाच. तू दर वेळी बजावून सांगायचास, मला ते माहीत होतं, आणि तरी मी दवाखान्यात येऊन तुलाच विचारलं की हात असा कसा ठेवलास. मग लोकांना तेच सांगत गेलो. सांगून सांगून मला खरं वाटायला लागलं. शरच्चंद्रालासुद्धा हयातीच्या दाखल्याच्या रांगेत तेच सांगितलं. तुम्ही तुटक वागता असंही म्हणालो. वहिनींनी त्या दिवशीसुद्धा मला चहा दिला होता.

आज संक्रांत आहे, पण गोड बोल असं तुला म्हणायचा माझा हक्क नाही. तिळाच्या वड्या मेघनाकडच्या वेगळ्या पार्सलनं पाठवतोय, त्या पोरांना. पोरं म्हणजे आता त्यांची पोरं.

मी पडायला शिकलो रे. अडुसष्टाव्या वर्षी. इथं एक पोरगी आहे, तिला दिसत नाही. ती मला रोज पाठीवर घेते. तिनं एकदा मला टाकलं आणि अलगद ठेवलं, तेव्हा कळलं की तू माझ्यावर किती भरोसा टाकायचास. भिंतीवरचा तो फोटो काढला. खिळा राहिला आहे. तुमचा सगळ्यांचा एखादा फोटो असला तर पाठव, नसला तर खिळा तसाच राहू दे, मी काही दुसरं लावणार नाही.

नागपूरला तिकीट काढून यावं असं फार वाटतं. पण तू बोलावल्याशिवाय येणार नाही. तेवढी शिस्त आता शिकलोय. आधी समोरच्यानं धरायचं, मग सुरू.

उजव्या हातानं लिहवत नसेल तर सुखदाला सांगून लिहव. डाव्यानं लिहिलंस तर वाकडं अक्षर मी लावून घेईन. शिव्या लिहायच्या असतील तर त्याच लिही, पान भरून लिही. पण बंडू, लवकर लिही. टपाल इथं साडेअकराला येतं, त्या वेळी मी घरीच असतो.

तुझा,
अंब्या